सटवाईच्या आधी कोण लिहून गेलं?

बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि शेजारी एक कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. जन्मभर पाठ न सोडणाऱ्या अडचणीला आपण ‘पाचवीला पुजलेली’ म्हणतो ते यावरूनच. सकाळी कागद कोराच असायचा. आमची आजी त्यावर म्हणायची, ‘अक्षर आपल्याला दिसत नाही, एवढंच.’

गेल्या चाळीसेक वर्षांत डॉक्टरांना आणि संशोधकांना यातली काही अक्षरं दिसायला लागली आहेत. त्यांचं म्हणणं खरं धरलं तर सटवाईबद्दल एकच तक्रार करता येईल: ती यायला उशीर करते. पाचव्या रात्रीपर्यंत बरंचसं लिखाण होऊन गेलेलं असतं. कागद म्हणजे बाळाचं शरीर, आणि लिहिणारे हात बरेच: आईच्या ताटात काय पडलं, तिने किती हंडे पाणी वाहिलं, ती स्वतः लहान असताना तिला काय मिळालं, बाहेर दुष्काळ होता की युद्ध. मात्र या लिखाणाला नशीब म्हणायला मी तयार नाही. कारण यातले बरेच हात बदलता येतात, ते पुढे येईलच.

सुरुवात पुण्यापासून करू. 1980 च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण तपासत होते. परदेशी पाठ्यपुस्तकांप्रमाणे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह हा लठ्ठ आणि उतारवयातल्या माणसांचा आजार. इथे समोर येणारे बरेच रुग्ण वयाने तरुण आणि अंगाने किडकिडीत. पुस्तक चूक म्हणावं की रुग्ण? पुढे 2004 साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापून हा प्रश्न सगळ्यांपुढे ठेवला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. काट्यावर सारखेच भरलेले दोन डॉक्टर. एकाच्या अंगात स्नायू, दुसऱ्याच्या अंगात चरबी. शर्टाच्या मापावरून कुणाला काही कळलं नसतं. (आपल्याकडे ‘तब्येत बारीक आहे, त्याला कसली आलीय शुगर’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा फोटो दाखवावा.)

ही चरबी कधी आली? खाण्यापिण्याच्या सवयींनी, बैठ्या कामाने, हे उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं इंग्लंडमधल्या जुन्या वह्यांत सापडलं.

इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात 1911 पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंच्या देखरेखीखाली सुईणी आणि आरोग्यसेविका घरोघर जात. प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन आणि ते वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत नोंदवत. सेविकांच्या दृष्टीने ते रोजचं काम. त्यातून काही शोध लागेल असं तेव्हा कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. सत्तर-ऐंशी वर्षांनी साउदॅम्प्टनचे संशोधक डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी त्या वह्या घेऊन बसले आणि त्यांतल्या बाळांचं पुढे काय झालं याचा माग काढला. 1989 साली त्यांनी 1911 ते 1930 दरम्यान जन्मलेल्या 5,654 पुरुषांचा हिशेब मांडला. वर्षाचे असताना ज्यांचं वजन 18 पौंड किंवा त्याहून कमी होतं, त्यांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण 27 पौंड किंवा जास्त भरलेल्यांच्या अडीच पटीहून जास्त निघालं. पन्नाशी-साठीत बंद पडणाऱ्या हृदयाचा धागा पाळण्यापर्यंत आणि त्याच्याही मागे जात होता.

लोकांना हे पटलं नाही, आणि त्यांची शंका रास्त होती. कमी वजनाचं बाळ बहुधा गरिबाघरी जन्मतं. ते गरिबीतच वाढतं, ओलसर खोलीत राहतं, पुढे विडी-सिगारेट ओढतं, कष्टाचं काम करतं. मग हृदय बिघडायला गर्भ कशाला हवा? उरलेलं आयुष्य पुरेसं आहे. ही गाठ सोडवायची तर असा प्रसंग हवा की गरीब-श्रीमंत सगळ्यांवर एकदमच उपासमार यावी, ठरावीक तारखेला सुरू व्हावी आणि ठरावीक तारखेला संपावी. असा प्रयोग कुणी करू शकत नाही. युद्धाने तो करून ठेवला होता.

सप्टेंबर 1944. हॉलंडवर जर्मनांचा कब्जा होता. दोस्त फौजांना मदत म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागात जाणारं अन्न अडवलं. पुढे बंदी थोडी सैल केली तोवर थंडीने कालवे गोठले आणि बोटी अडकल्या. ॲमस्टरडॅमसारख्या शहरात माणशी शिधा घसरत घसरत दिवसाला 400 ते 800 कॅलरीवर आला. एक साधं थाळीजेवण सहज एवढं भरतं. इथे दिवसभरासाठी तेवढंच. लोकांनी ट्यूलिपचे कंद आणि साखरेचं बीट शिजवून खाल्लं. वीस हजारांहून जास्त माणसं मेली. मे 1945 मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न परत आलं.

या काळातही बायकांना दिवस जात होते आणि बाळंतपणं होत होती. शिध्याच्या नोंदी होत्या, दवाखान्याच्या नोंदी होत्या. त्यामुळे कोणतं बाळ पोटात कितव्या महिन्याचं असताना उपासमार आली हे नंतर नेमकं सांगता आलं. 1976 साली, 19 वर्षांच्या सुमारे तीन लाख तरुणांच्या लष्करभरतीच्या नोंदी तपासल्या गेल्या. गर्भाच्या पहिल्या अर्ध्या काळात ज्यांना उपासमार भोगावी लागली होती, त्यांच्यात लठ्ठपणा जवळपास दुप्पट. शेवटच्या महिन्यांत भोगावी लागली होती, त्यांच्यात उलट कमी. पुढच्या काळात ॲमस्टरडॅमच्या एका दवाखान्यात जन्मलेल्यांचा पाठपुरावा टेसा रोझेबोम आणि सहकाऱ्यांनी केला. उपासमारीत गर्भात असलेल्यांच्या शरीराला साखर नीट हाताळता येत नव्हती, आणि सुरुवातीच्या महिन्यांत झळ बसलेल्यांत हृदयविकार जास्त होता. ऐन उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला त्यांच्यात स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सहसा सांगितलीच जात नाही. सुरुवातीच्या महिन्यांत उपासमार झालेली ही बाळं जन्मली तेव्हा त्यांचं वजन ठीकठाक होतं. नंतरच्या महिन्यांत अन्न आलं आणि वजन भरून निघालं. काट्यावर काही दिसत नव्हतं, सुईणीला काही दिसत नव्हतं. अक्षर होतं, दिसत नव्हतं एवढंच.

आता हे घडतं कसं. गर्भ नाळेने वारेशी जोडलेला असतो आणि वार आईच्या गर्भाशयाला. वार म्हणजे नुसती गाळणी नव्हे. आईच्या रक्तातून साखर, प्रथिनांचे घटक, लोह, जीवनसत्त्वं काय आणि किती घ्यायचं याची देवघेव तीच चालवते, आणि काही गोष्टी अडवतेही. मात्र ती सगळं अडवते हा समज 1961 साली कायमचा मोडला. पश्चिम जर्मनीत 1957 पासून विकली जाणारी थॅलिडोमाइड ही गोळी गर्भवतींनीही घेतली होती, आणि हजारो बाळं हातपाय अपुरे घेऊन जन्मली. ते ढळढळीत नुकसान. आपण बोलतो आहोत ते त्याहून हळू आवाजातलं आहे.

आवक कमी पडली की गर्भ हातपाय गाळत नाही, तो वाटप बदलतो. महिनाअखेरीला घर चालवणारी बाई करते तसंच. मुलाची फी आधी, किराणा त्यानंतर, घराला रंग पुढच्या वर्षी. गर्भात फीच्या जागी मेंदू असतो. रक्त आधी तिकडे वळवलं जातं. काटकसर होते ती स्नायूंत, यकृतात, स्वादुपिंडात, मूत्रपिंडात. यातलं मूत्रपिंडाचं उदाहरण समजायला सोपं. रक्त गाळण्याचं काम नेफ्रॉन नावाच्या बारीक चाळण्या करतात आणि त्या घडवण्याचं काम गर्भाच्या साधारण 36 व्या आठवड्यात संपतं. त्यानंतर जन्मभर एकही नवीन चाळणी तयार होत नाही. शेतात पेरणी साधली नाही तर दुबार पेरणी करता येते, कर्ज काढून का होईना. इथे दुबार पेरणी नाही. कमी चाळण्या घेऊन आलेल्या माणसाच्या प्रत्येक चाळणीवर जास्त ताण, आणि पुढे रक्तदाब वाढण्याची शक्यता जास्त.

दुसरा भाग अंदाजाचा. पोटात अन्न कमी येतंय यावरून गर्भाचं शरीर जणू ठरवतं की बाहेरही असंच असणार. म्हणून साखर जपून वापर, मिळेल ती चरबी साठव. बाहेर खरंच दुष्काळ असेल तर ही तयारी कामी येते. पण हवामानखात्याचा अंदाज ऐकून कमी पाण्याचं बियाणं पेरावं आणि नेमका धो धो पाऊस लागावा, तसं झालं तर? काटकसरीसाठी बांधलेल्या शरीराला वडापाव, गोड चहा आणि खुर्चीवरची नोकरी मिळाली की साखर रक्तात साचते. बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी 1992 साली मांडलेली काटकसरी शरीराची कल्पना ती हीच.

रशियातल्या लेनिनग्राडचं उदाहरण इथे ठेवायला हवं, कारण डच गोष्ट एकटी सांगितली की ती ब्रह्मवाक्य वाटायला लागते. 1941 ते 1944 या काळात लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा पडला होता. तिथली उपासमार हॉलंडपेक्षा लांब आणि भीषण. पण त्या वेढ्यात गर्भात असलेल्यांची प्रौढपणी तपासणी केली, तर साखर हाताळण्यात इतरांपेक्षा फरक दिसला नाही. याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं: हॉलंडमध्ये बाळ जन्मल्यावर लवकरच सुकाळ आला, लेनिनग्राडमध्ये टंचाई जन्मानंतरही चालूच राहिली. तिथे अंदाज बरोबर ठरला. म्हणजे धोका फक्त कमतरतेत नव्हता, दोन काळांच्या बेमेळपणात होता. हे खरं असेल तर आपल्यासारख्या, एका पिढीत भाकरीवरून पिझ्झ्यावर आलेल्या समाजाने थोडं काळजीनेच वाचायला हवं.

शरीर हा अंदाज लक्षात कुठे ठेवतं? जनुकं तर बदलत नाहीत. आईच्या हातची पाककृतींची वही डोळ्यांसमोर आणा. वहीतला मजकूर तोच राहतो, पण कुणीतरी काही पानांना टाचणी मारून ठेवतं. ती पानं उघडत नाहीत, ते पदार्थ घरात होत नाहीत. पेशींमध्ये अशी टाचणी म्हणजे डीएनएला चिकटणारे मिथिल नावाचे छोटे रासायनिक गट. 2008 साली डच उपासमारीच्या सुमारास गर्भ राहिलेल्या 60 जणांची तुलना त्यांच्याच, उपासमार न भोगलेल्या सख्ख्या भावाबहिणींशी केली गेली. वाढीशी संबंधित असलेल्या आयजीएफ-2 या जनुकावरच्या टाचण्या साठ वर्षांनीही वेगळ्या होत्या. तेच आईबाप, बहुधा तेच घर. फरक पोटातल्या काही आठवड्यांचा. या फरकामुळेच त्यांना आजार झाला असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. खूण सापडली आहे, खुणेपासून आजारापर्यंतची वाट अजून पुरती आखलेली नाही.

आता परत पुण्याकडे. 1993 साली केईएमच्या संशोधन केंद्राने साउदॅम्प्टनच्या गटाबरोबर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर राहण्याच्या आधीपासूनच बायकांची मोजमापं घ्यायची, पोटात काय जातं, काम किती करतात हे नोंदवायचं, आणि मग बाळाला जन्मभर सोडायचं नाही. या आया सरासरी 152 सेंटिमीटर उंच आणि जेमतेम 42 किलो वजनाच्या होत्या. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो; साउदॅम्प्टनची बाळं 3.5 किलोची. आठशे ग्रॅमचा हा तुटवडा कुठे कुठे आहे हे पाहिलं तेव्हा गंमत कळली. दंड बारीक, पोटाचा घेर लहान, म्हणजे स्नायू आणि पोटातले अवयव कमी. पण पाठीवर कातडीची चिमूट धरून मोजली तर तिथली चरबी जवळजवळ शाबूत! जन्मतःच हडकुळं, तरी चरबी राखून असलेलं बाळ. संशोधकांनी नाव दिलं ‘थिन-फॅट बाळ’. युडकिनशेजारी उभ्या असलेल्या याज्ञिकांचा फोटो असा पाळण्यातच सापडला.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी मला विशेष वाटतात. एक, बाळाच्या आकाराचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण कॅलरींपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी जास्त जुळला. पोट भरणं आणि पोषण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते असं आकड्यांत उतरलं. दुसरी, जास्त अंगमेहनत करणाऱ्या बायकांची बाळं लहान निघाली. शेतातलं काम, विहिरीवरून पाणी आणणं, हे सगळं त्यात मोजलेलं होतं. गावात नळ येणं हेसुद्धा गर्भाचं पोषण आहे, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती समजू नका.

मग बी-12 चा घोळ. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण अशा प्राणिज अन्नातच मिळतं. सहा गावांतल्या सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये ते कमी होतं. कुणी धर्माने शाकाहारी, कुणी खिशाने. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तर ज्यांच्या आईत बी-12 कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व) भरपूर होतं, त्या मुलांची शरीरं साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. याचा अर्थ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फेकून द्या असा कुणी काढू नये. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 व्या दिवसापर्यंत मिटते, अनेकींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं, आणि ती नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतंच. अर्थ एवढाच की ही दोन जीवनसत्त्वं जोडीने काम करतात. एकीच्या पानात वाढून दुसरीला उपाशी ठेवलं की गाडं अडतं. हीच मुलं 18 वर्षांची झाली तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त मुलग्यांची आणि पाचातल्या सुमारे एका मुलीची रक्तातली साखर हवी त्यापेक्षा वर गेलेली होती, आणि त्यातले बरेच अजूनही बारीकच होते.

एव्हाना कुणीतरी अभिमन्यू म्हणालं असेलच. गर्भाचा विषय निघाला की मराठी घरात दहा मिनिटांच्या आत अभिमन्यू येतो. सुभद्रेच्या पोटात असताना त्याने चक्रव्यूह भेदायची युक्ती ऐकली, ती झोपी गेली आणि बाहेर पडायची युक्ती राहून गेली. गंमत म्हणजे व्यासांच्या महाभारतात द्रोणपर्वातला अभिमन्यू सरळ सांगतो की आत शिरायची रीत मला वडिलांनी शिकवली. डुलकी लागलेली सुभद्रा लोककथेतली. म्हणजे मुलगा रणात एकटा पडला, अनेकांनी घेरून मारला, आणि दोष कुणाचा? गरोदरपणात झोप लागलेल्या आईचा. ही सवय आपल्याला फार जुनी आहे.

बाळाला पोटात ऐकू येतं हे मात्र खरं. साधारण 25 व्या आठवड्यापासून कान काम करू लागतात. आत पोचणारा आवाज भिंतीपलीकडच्या भांडणासारखा असतो: शब्द कळत नाहीत, सूर बरोबर कळतो. 1980 साली अमेरिकेत दाखवून दिलं गेलं की नुकतीच जन्मलेली बाळं आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. 2009 मध्ये जर्मनीतल्या काथलीन वेर्म्के यांच्या गटाने 60 नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढता, जर्मन बाळांचा उतरता, त्यांच्या त्यांच्या भाषेसारखाच. तीन-पाच दिवसांची बाळं, आणि रडतात मातृभाषेत! चवीचंही तसंच. फिलाडेल्फियात ज्या बायकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज कमी तोंडं वाकडी करून खाल्ली. चव गर्भजलातून पोचते. डोहाळजेवणातल्या ताटातला लसूण बाळापर्यंत जातो तो असा.

पण यावरून हजारो रुपयांच्या गर्भसंस्कार शिबिराकडे उडी मारता येत नाही. पोटाला हेडफोन लावून श्लोक ऐकवल्याने मूल हुशार होतं याला आधार नाही. आईच्या रोजच्या बोलण्यात, चिडण्यात, शेजारणीशी मारलेल्या गप्पांत बाळाला हवा तेवढा सूर मिळतो. तिला गाणं आवडत असेल तर तिने गावं, तिला बरं वाटेल म्हणून.

‘टेन्शन घेऊ नकोस, बाळावर परिणाम होईल’ हे वाक्यही असंच. ऐकणाऱ्या बाईचं टेन्शन त्याने वाढतं, हा माझा अनुभव. ताणाचा परिणाम होतो का? होतो, पण वार इथेही मध्ये उभी असते; आईच्या रक्तातल्या कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा बहुतांश भाग ती निकामी करते. रोजची धुसफूस, ऑफिसातली कटकट बरीचशी त्या कुंपणापाशीच थांबते. जानेवारी 1998 मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतात हिमवादळाने विजेच्या तारा तुटल्या, काही घरांत 45 दिवसांपर्यंत दिवा नव्हता. तेव्हा गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांचा पाठपुरावा सुझान किंग यांनी केला. मुलांच्या भाषेशी आणि बुद्ध्यंकाशी संबंध जुळला तो प्रत्यक्ष हालअपेष्टांचा, म्हणजे घरात किती दिवस वीज नव्हती, राहायला कुठे जावं लागलं याचा. बाईने मनाला किती लावून घेतलं, याचा संबंध त्यामानाने थोडा. मग मन शांत ठेवण्याचा उपदेश तिला करण्याऐवजी वीज लवकर आणणं हेच औषध ठरत नाही का?

औषध कधी द्यायचं हा प्रश्न मुंबईत तपासला गेला. 2006 पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या साडेसहा हजार बायकांना, दिवस जाण्याच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत, रोज एक खाऊ दिला गेला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळ आणि दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा असलं कमी पोषणाचं सारण. 2014 साली निकाल आला आणि तो चमत्काराचा नव्हता. सरसकट सगळ्यांचा हिशेब केला तर बाळांच्या वजनात नाव घ्यावं असा फरक नाही. दिवस जाण्याआधी किमान तीन महिने खाऊ सुरू केलेल्या बायकांत मात्र बाळं सरासरी 48 ग्रॅमनी जास्त भरली. आणि ज्या बायका अगदीच हाडकुळ्या होत्या त्यांना हा फायदाही झाला नाही. त्यांच्या शरीराची थकबाकी एका समोशाएवढ्या खाऊने फिटणारी नव्हती. गरोदरपणातला मधुमेह मात्र 12.4 टक्क्यांवरून 7.3 टक्क्यांवर आला, आणि हा फायदा माझ्या मते त्या 48 ग्रॅमपेक्षा मोठा. आईची साखर वाढली की ती नाळेतून बाळाकडेही जाते आणि बाळाचं स्वादुपिंड जन्माआधीच जादा कामाला लागतं. उपासमारीने जे होतं ते अतिगोडाने दुसऱ्या वाटेने होतं.

महाराष्ट्र सरकारची आदिवासी भागासाठीची अमृत आहार योजना गरोदर बाईला दिवसातून एक पूर्ण जेवण देते, शेवटच्या तिमाहीपासून. योजना चांगली आहे, तिची टिंगल करायची नाही. पण मुंबईचा खाऊ आणि हॉलंडचा हिवाळा दोन्ही सांगतात की तोवर पहिले सहा महिने निघून गेलेले असतात. सगळ्यांचं जेवण झाल्यावर तळाचं पिठलं वाढून घेणारी चौदा वर्षांची मुलगी, हा गर्भारपणाचा खरा पहिला महिना. पुण्याच्या गटाने 2012 साली एक चाचणी सुरू केली ती याच विचाराने. त्याच सहा गावांतल्या त्या मुलामुलींना, लग्न व्हायच्या आधी, बी-12 च्या गोळ्या दिल्या.

याहूनही मागे जाता येतं. मुलीच्या अंडाशयातली सगळी बीजांडं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. साधारण विसाव्या आठवड्यात त्यांची संख्या साठ-सत्तर लाखांवर असते, पुढे घटतच जाते. म्हणजे ज्या बीजांडापासून तुम्ही झालात ते तुमच्या आईत तेव्हाच होतं, जेव्हा तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात होती. आजीने त्या वर्षी काय खाल्लं, दुष्काळ होता का, सुकडीवर दिवस काढले का, कुणी वहीत लिहून ठेवलेलं नाही. विचारायला माझी आजीही आता नाही.

त्या सहा गावांत मात्र वही आहे. 1993 नंतर मोजलेल्या बायका आता आज्या झाल्या आहेत. त्यांच्या पोटात असताना ज्यांची नोंद झाली त्या मुली आता आया होत आहेत. अभ्यासाचा नियम असा होता की जन्मल्यापासून 72 तासांच्या आत बाळाचं वजन, उंची, दंडाचा घेर, पाठीची चिमूट मोजायची. नातवंडांची वजनंही आता याच वह्यांमध्ये चढत आहेत, पाचवी पुजायच्या दोन दिवस आधी.